तोंडं काढणारा मगदूम

भरत मगदूम बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे कधी बघायचा नाही. तो तोंडाकडे बघायचा. पहिल्यांदा भेटणारा माणूस हमखास मिशीवरून हात फिरवायचा, दातांत काही अडकलंय का म्हणून जीभ फिरवायचा. आमच्या संस्थेत तो रुजू झाला त्या दिवशी मीही रुमाल काढून ओठ पुसले. तो म्हणाला, "काय लागलेलं न्हाय सर. 'फ' म्हणताना तुमचा खालचा ओठ डावीकडनं जरा जास्त आत जातोय. ते बघालोय."

दहा-बारा वर्षं त्याने मुंबईच्या एका स्टुडिओत हेच काम केलं होतं. अमेरिकेत मोठ्या माणसांसाठी म्हणून ज्या कार्टून मालिका निघतात, त्यातल्या एका मालिकेचं थोडं काम त्या स्टुडिओकडे यायचं. मालिका एका घराची. बाप मूर्ख, आई तोंडाळ, गावचा मेयर लबाड, पाद्री ढोंगी. संवाद तिकडं अमेरिकेत आधीच ध्वनिमुद्रित व्हायचे आणि इकडं भरतने त्या आवाजाबरहुकूम बापाचं तोंड हलवायचं. उघडं, मिटलेलं, गोल, दात दिसणारं. "दहा वर्सं एका अमेरिकन बापाच्या तोंडात बर्गर कोंबला सर," तो सांगायचा, "आणि आपल्याला त्याची चव म्हाईत न्हाय." भरत शिरोळकडचा, जैन शेतकऱ्याच्या घरातला. देवळात फारसा जायचा नाही, पण कांदा-बटाटा त्याच्या पोटात कधी गेला नव्हता. कोल्हापुरात राहून मिसळ न खाणारा माणूस म्हणून स्टाफरूममध्ये त्याची बरीच चेष्टा व्हायची. तो खिशातून शेंगदाण्याचा लाडू काढायचा आणि शांतपणे चेष्टा करणाऱ्याच्या तोंडाकडे बघत खायचा.

मग ते काम मुंबईहून दुसऱ्या कुठल्या तरी देशात गेलं. भरत परत आला आणि आमच्या कॉलेजात अ‍ॅनिमेशन शिकवायला लागला. कॉलेज कागलच्या रस्त्यावर. मी तिथं ध्वनिमुद्रण शिकवायचो. मालक आबासाहेब. आधी उसाच्या ट्रकचा धंदा, मग डीएड कॉलेज, मग इंजिनीअरिंग आणि शेवटी हे आमचं. फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'शंभर टक्के नोकरीची हमी'. आबासाहेब कधी आवाज चढवायचे नाहीत. शिपायालाही अहोजाहो करायचे.

भरतची शिकवायची पद्धत म्हणजे दिवे मालवायचे आणि त्या अमेरिकन मालिकेचे तुकडे दाखवायचे. पोरं पडद्याच्या तळाशी उमटणारं इंग्रजी वाचत बसायची. हसू यायचं ते दोन वाक्यं उशिरा. भरत वैतागायचा. म्हणायचा, "अरे, हितं राष्ट्राध्यक्षाची चड्डी काढलीया त्यांनी. आणि ज्या चॅनेलवर ही मालिका लागती न्हवं, त्या चॅनेलच्या मालकालाबी शिव्या हायत ह्यात. आणि त्योच मालक मालिका चालवतोय! ह्येला म्हणायचं धाडस." ही गोष्ट त्याने आम्हा सगळ्यांना इतक्यांदा ऐकवली होती की तो 'ज्या चॅनेलवर' एवढं म्हणाला की पोरंच पुढचं वाक्य पुरं करायची. पण त्याचा त्यावर खरोखर विश्वास होता. देवावर नसेल इतका.

एकदा असाच वर्ग चालला होता आणि शकुंतलाअक्का फरशी पुसायला आत आल्या. अक्का कंत्राटदाराकडून आलेल्या सफाई कामगार. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, आवाज मात्र गल्लीच्या या टोकाला मारलेली हाक त्या टोकाला जाईल असा. पडद्यावर तो बाप सोफ्यावर पडून बायकोला काहीतरी सुनावत होता. अक्का फडकं पिळता पिळता थांबल्या.

"ह्यो बाबा काय म्हणालाय वो?"

भरत म्हणाला, "म्हणतोय, मी दिवसभर राबतो म्हणून हे घर चाललंय."

"व्हय काय?" अक्का पडद्याकडे बघून म्हणाल्या. "मग ऊठ की जरा. घर चालालंय तर त्येच्या संगट तूबी चार पावलं चाल. सोफ्याला भोक पडलंय तुज्या बुडानं."

अख्खा वर्ग खदाखदा हसला. इंग्रजी वाचून एक पोरगं असं हसलं नव्हतं. भरत हसला नाही. तो एकटक अक्कांच्या तोंडाकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो अक्कांना घेऊन माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "सर, माईक लावा."

'खालची गल्ली' ही मालिका अशी सुरू झाली. कोल्हापुरातलं एक घर. त्यातली आई हौसाक्का. चित्रं भरतची, आवाज अक्कांचा. संहिता भरत लिहायचा, पण अक्का ती वाचायच्या नाहीत. "काय झालंय तेवढं सांग, बोलती मी," म्हणायच्या. त्या बोलून जायच्या आणि भरत मागाहून त्यावर तोंडं बसवायचा. त्यात त्याला एक अडचण आली. त्याच्याकडे स्टुडिओतला तोंडांचा तक्ता होता, कुठल्या आवाजाला कुठलं तोंड काढायचं त्याचा. त्या तक्त्यात 'ळ' नव्हता. अमेरिकन माणसाला तो लागत नाही. मग आठवडाभर अक्का खुर्चीवर आणि भरत समोर स्टुलावर. "नळ म्हणा अक्का. आता पोळी म्हणा. आता काळतोंड्या म्हणा." अक्कांनी तो शेवटचा शब्द इतक्या प्रेमाने उच्चारला की मी माईकची पातळी कमी केली. "आता तुमचंच तोंड काढालोय म्हटल्यावर," भरत त्यांना म्हणाला, "चुकून चालायचं न्हाय." हौसाक्काचा 'ळ' त्याने काढला तेव्हा तो अक्कांना दाखवायला पळत गेला. त्या जिना झाडत होत्या. मोबाइलवर बघितलं आणि म्हणाल्या, "आगं बया. माजी आईच."

पहिले भाग इंटरनेटवर भलतेच चालले. लग्नाच्या मिरवणुका, आठवड्यातनं दोनदा येणारं पाणी, तांबड्या-पांढऱ्या रश्शाचा गर्व. रिक्षावाले हौसाक्काच्या आवाजात एकमेकांना शिव्या द्यायला लागले. मग भरतने भाड्याच्या घराचा भाग केला. घरमालक भाडेकरूला आधी आडनाव विचारतो, मग स्वयंपाकघरात काय शिजतं ते, आणि मग सांगतो की खोली कालच गेली. हौसाक्का त्याला म्हणते, "काल गेली म्हणतासा, मग पाटी आज का लावलीसा? का माजं आडनाव ऐकून खोली पळून गेली?" हे वाक्य अक्कांनी संहितेबाहेरचं म्हटलं होतं. अक्का बौद्ध. चार खोल्या बघून झाल्यावर पाचवी मिळायची, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. ते वाक्य बोलून झालं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "लै झालं काय?" मी म्हटलं, नाही.

त्या भागावर लोक हसले नाहीत. 'कार्टूनमध्ये जात कशाला आणता?' म्हणून लिहू लागले. भरतच्या मामांचा जयसिंगपूरहून फोन आला. त्यांच्या इमारतीत असाच एक प्रकार झालेला होता, आणि भरतने त्यांनाच उघडं पाडलं असं त्यांना वाटलं. "मामा," भरत फोनवर म्हणाला, "तुमच्या इमारतीचं मला म्हाईतच न्हवतं. आता कळालं." फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. तेव्हा तो खूश होता. "बघा सर, बरोबर जागी लागलंय."

त्याचं सगळं असं होतं. त्याला वाटायचं, एकदा बरोबर जागी लागलं की काहीतरी हलतं.

मग त्याने आमच्या संस्थेचा भाग करायला घेतला. मी विचारलं, "आबासाहेबांना सांगितलंस?" तो म्हणाला, "सांगून करायचं असतंय व्हय?" आणि पुढं ते चॅनेलचं आणि चॅनेलच्या मालकाचं. त्या भागात एक शिक्षणमहर्षी होता. चालताना स्वतःच्याच पुतळ्याला नमस्कार करणारा. त्याच्या कॉलेजात शंभर टक्के नोकरी म्हणजे शिकून बाहेर पडलेल्या पोराला फाटकावर उभं करायचं आणि नव्या पोराला सांगायचं, 'बघा, लागला की नाही नोकरीला?' हौसाक्का त्या पोराला विचारते, "बाळा, काय शिकलास?" पोरगं म्हणतं, "फाटक उघडायला." फार जहरी भाग झाला होता. महर्षींची मान आबासाहेबांसारखी किंचित तिरकी होती, आणि 'आपण' म्हणताना ओठ तसेच पुढं यायचे. स्टाफरूममध्ये तो बघताना कुणी हसलं नाही; सगळे दाराकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी आबासाहेबांनी बोलावलं. भरतने पिशवीत राजीनामा टाकला होता. तो म्हणाला, "सर, तुमीबी चला." आम्ही आत गेलो तर आबासाहेब खुर्चीतून उठून पुढं आले आणि त्यांनी भरतला मिठी मारली.

"मगदूमसर, काय काढलाय आपण! आमच्या मंडळी तर हसून हसून रडल्या. म्हणाल्या, हे डिट्टो तुम्हीच."

त्यांच्या वाढदिवसाला मोठ्या सभागृहात तो भाग पडद्यावर दाखवला. आबासाहेब पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत मोठ्यांदा हसत होते. नंतर माईक घेऊन म्हणाले, "आमच्याच संस्थेत, आमच्याच यंत्रांवर, आमच्याच पगारावर आमची टिंगल! आहे का एवढं मन कुणाकडं?" टाळ्या थांबेनात. भरतला शाल घातली. मी त्याच्याकडे बघितलं. गर्दीत हात सुटलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता त्याचा. गाडीवर बसल्यावर म्हणाला, "सर, त्यो अमेरिकेतला मालक ती मालिका का चालवत होता ते आज कळालं मला."

गोष्ट इथंच थांबती तरी चाललं असतं. पण वाढदिवसाला एका स्थानिक वाहिनीची पोरं आली होती. हौसाक्काचा आवाज कोण, म्हणून त्यांनी अक्कांना गाठलं. अक्का त्या दिवशी नवी साडी नेसून आल्या होत्या. पोराने विचारलं, "अक्का, कार्टूनमधी कॉलेजची लैच खेचलीया तुमी. असं खरंच असतंय काय?"

अक्का म्हणाल्या, "असतंय म्हंजे? माजा ल्योक फौंड्रीत हाय. ह्याच कॉलेजातनं शिकून गेलेली दोन पोरं त्येच्या हाताखाली वाळू चाळत्यात. आईबापानं रान इकून शिकीवलं त्यास्नी. मी त्यास्नी वळकते. त्यांचाच वर्ग झाडत हुते मी."

बस, एवढंच. शिवी नाही, विनोद नाही. वाहिनीने ते दाखवलं. दोन दिवसांनी कंत्राटदाराने अक्कांना सांगितलं की उद्यापासून येऊ नका.

भरत आबासाहेबांकडे गेला तेव्हा त्याने मला विचारलं नाही, मीच मागून गेलो. आबासाहेबांनी चहा मागवला.

"आबासाहेब, तिनं वेगळं काय सांगितलं? तेच मी काढलंय. मला शाल आणि तिला घरी?"

"मगदूमसर," आबासाहेब मऊपणाने म्हणाले, "आपण कार्टूनमध्ये आम्हाला गाढवावर बसवा. आम्ही बसू. लोक हसतात आणि घरी जातात. पण माणसानं तोंड उघडून असं बोलायचं नसतं. ह्याच्यावर कुणी हसत नाही."

भरतने चहा घेतला नाही. बाहेर आल्यावर तो व्हरांड्यात खांबाला टेकून उभा राहिला. म्हणाला, "बरोबर बोलला की वो. मलाच कळत न्हवतं एवढी वर्सं." मग त्याने 'खालची गल्ली' बंद केली. अक्का नाहीत तर हौसाक्का नाही, असं लेखी देऊन टाकलं. वर्ग घ्यायचा, पण दिवे मालवायचा नाही. अमेरिकन मालिका पुन्हा कधी दाखवली नाही. पोरांना चेंडू उड्या मारताना काढायला लावायचा. अक्कांना दुसरीकडे काम मिळावं म्हणून त्याने बरीच खटपट केली. एका मंगल कार्यालयात भांड्यांचं मिळालं.

पुढं निवडणूक आली. आबासाहेब उभे राहिले. आणि एका सकाळी माझ्या मोबाइलवर हौसाक्का आली. चित्र भरतचं नव्हतं, पण त्याचंच होतं. मशीनला त्याची जुनी चित्रं खाऊ घालून नवी काढून घेतली होती. आवाज अक्कांचा होता. तोच, फुटलेल्या टोकाचा, शेवटच्या अक्षरावर चढणारा. मी तो आवाज वर्षभर कानांना लावून ऐकला होता, मला कळायला पाहिजे होतं. मलाही पहिल्यांदा खराच वाटला. हौसाक्का म्हणत होती, "माज्या पोराला कुणी लावलं कामाला? आबासाहेबांनी! गल्लीतल्या समद्या पोरांस्नी लावत्यात बघा!" संस्थेच्या स्टुडिओत झालेलं सगळं संस्थेचं. माझ्या खोलीतल्या संगणकातून अक्कांचं ध्वनिमुद्रण कधी गेलं, मला कुणी विचारलंही नाही.

भरत वर्गातून उठून आला. खडूचे हात तसेच. त्याने मोबाइलवर तो तुकडा पुन्हा पुन्हा बघितला. "ळ चुकलाय," एवढंच म्हणाला. मग तिथंच बसून त्याने राजीनामा लिहिला.

प्रचाराची रिक्षा अक्कांच्या वसाहतीत गेली तेव्हा अक्का नळावर होत्या. रिक्षेतून त्यांचाच आवाज त्यांच्या दारासमोरून गेला. बायकांनी आधी रिक्षेकडे बघितलं, मग अक्कांकडे. तोवर गल्लीत ठरलं होतं की ह्या खेपेला आबासाहेबांना मत नाही. संध्याकाळी ल्योक कामावरून आला तो दारात उभा राहूनच बोलला, "आये, इकलीस व्हय आमास्नी?" फौंड्रीत दिवसभर त्याला सगळ्यांनी सोलून काढलं होतं. अक्का सांगत राहिल्या की मी हे बोललेच नाही. तो म्हणाला, "तुजा आवाज मला वळकू येत न्हाय व्हय?"

भरत त्यांना घेऊन पोलीस ठाण्यात गेला. तिथल्या साहेबाने तो तुकडा बघितला. वाईट माणूस नव्हता. त्याने हसू आवरायचा प्रयत्न केला.

"मावशी, आवाज तुमचाच हाय न्हवं?"

"माजाच हाय. पर मी बोलले न्हाय."

"आवाज तुमचा, आणि बोलला दुसराच कोणतरी?"

"व्हय."

साहेबाने भरतकडे बघितलं. भरत समजावून सांगायला लागला: मशीनला आवाज शिकवता येतो, मग त्याच्याकडून काहीही वदवून घेता येतं. साहेबाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण ही बाई पहिल्यांदा कुणी काढली?"

"मी," भरत म्हणाला.

अर्ज घेतला त्यांनी. पुढं काही झालं नाही. आबासाहेब निवडून आले. मिरवणुकीत हौसाक्काचे मुखवटे घातलेली माणसं नाचत होती, गुलालाने मुखवटे लाल झाले होते. भरत तेव्हा आठवडाभर शिरोळला भावाकडे होता. परत आला तो हैदराबादची नोकरी घेऊनच. कुठल्याशा अमेरिकन मालिकेची चित्रं आता मशीन काढतं, त्यातल्या चुका दुरुस्त करायच्या. हाताला सहा बोटं आली तर एक पुसायचं.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी तो माझ्याकडे आला. म्हणाला, "अक्काला भेटून येऊ. एकट्याला जमंना झालंय."

पोलीस ठाण्यानंतर अक्का त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. फोन उचलत नव्हत्या. फोनवर त्या कुणाशीच बोलत नव्हत्या. आम्ही दारात उभे राहिलो. आतून सून आली, आम्हाला बघून आत गेली. बराच वेळ कुणी आलं नाही. मग अक्का उंबऱ्याशी आल्या. मला त्या ओळखू आल्या नाहीत. म्हणजे दिसायला त्याच होत्या, पण बोलल्या ते इतकं हळू की मला पुढं वाकावं लागलं.

"फोन हायत काय?"

"हायत."

"आत आणू नगा. आवाज चोरत्यात ते."

भरतने फोन माझ्याकडे दिला. अक्का माझ्या हातांकडे बघून म्हणाल्या, "मग तुमी हितंच थांबा सर. दोन झालं तुमच्याकडं."

मी पायरीवर थांबलो. दार अर्धं उघडं होतं. भरत खाली चटईवर बसला, अक्का कॉटवर. त्या बोलत होत्या. ओठ हलताना दिसत होते, मला ऐकू काही येत नव्हतं. शेजारी कुणी फरशी कापत होतं त्या यंत्राचा आवाज होता, पण तो थांबल्यावरही आलं नाही. भरत मधूनच मान हलवायचा. एकदा त्याने काहीतरी सांगायला सुरुवात केली, तेव्हा अक्कांनी हात वर केला आणि तो गप्प झाला. शेवटी तो पाया पडायला वाकला. अक्कांनी पाय वर कॉटवर घेतले.

तो बाहेर आला. मी फोन दिला, त्याने तो न बघता खिशात टाकला. आम्ही पायरी उतरून चार पावलं गेलो असू, तेवढ्यात मागून अक्कांचा तो बारीक आवाज आला. सुनेला म्हणत होत्या, "बघ गं. कायतरी ठिवून गेलं असतील."

सून बाहेर आली. आमच्याकडे न बघता तिने पायरीवरचं पोतं उचलून झटकलं. कोरफडीच्या डब्यामागे हात घातला. भरत बसला होता तिथली चटई आणून उंबऱ्यावर उलटी केली. कपाटाखाली वाकून बघून आली. भरत गल्लीत उभा राहून हे बघत होता. मी गाडी चालू केली, त्याच्या दंडाला हात लावला. तो हलला नाही. तिचं सगळं बघून होईपर्यंत तो तसाच उभा राहिला.

"काय न्हाय, आत्या," सून आत वळून म्हणाली.

मग तो येऊन गाडीवर बसला.